खाडीची तब्येत तिथल्या जीवांवरून कशी ओळखायची? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दर हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ओळखीतलं कुणी ना कुणी गुलाबी थव्याचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "एवढे पक्षी येतात, म्हणजे आपली खाडी स्वच्छच म्हणायची की!" याचं उत्तर मला एका दमात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडे येणाऱ्या थव्यांत मोठा भरणा असतो तो छोट्या रोहितचा, म्हणजे लेसर फ्लेमिंगोचा. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ खातो. शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि शहराच्या सांडपाण्यात दोन्ही मुबलक. 1990 च्या दशकापासून शिवडीच्या चिखलात हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हे त्यामागचं एक कारण असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा थवा बघून खात्रीने एवढंच म्हणता येतं की इथे शेवाळ भरपूर आहे. खाडी धडधाकट आहे की नाही हे सांगणारे जीव निराळे. त्यातले बहुतेक चिखलात राहतात आणि त्यांचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. पक्षिगणनेच्या निमित्ताने खाडीवर जाऊ लागलो आणि हळूहळू नजर पक्ष्यांवरून त्यांच्या पायाखालच्या चिखलाकडे वळली. उदाहरणं ठाणे खाडीची देतोय, पण वसई, धरमतर, दाभोळ, विजयदुर्ग किंवा गोव्यात मांडवीकाठी राहणाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल.

पाणी तपासायचं सोडून जीव कशाला बघायचे?

बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं असतं. रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि पहाटेच्या ओहोटीने ते वाहून नेलं, तर दहा वाजता घेतलेला नमुना निर्दोष निघू शकतो. तिथेच चिखलात बसलेली तिसरी, म्हणजे खायचा छोटा शिंपला, मात्र ते पाणी रात्रभर गाळत असते, आणि त्यातले जड धातू तिच्या अंगात साठत जातात. याच गुणावर 1975 मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने शिंपल्यांकरवी किनाऱ्यावर पहारा ठेवण्याची कल्पना मांडली. 1986 पासून अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेने ती देशभर राबवली.

जपानमध्ये मिनामाटा खाडीकाठच्या गावांत 1950 च्या दशकात मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, झटके येऊन मरू लागली. ती खाडीतले मासे खात होती आणि माशांत कारखान्याने सोडलेला पारा होता. माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला 1956 मध्ये. मांजरांनी दिलेला इशारा वेळीच वाचला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार ज्याने त्याने करावा.

लागणारं सामान आणि कागदपत्रं

- 8×42 ची दुर्बीण. 10×50 घेऊ नका, जड पडते आणि हात हलतो.
- अर्धा मीटर लांबीचे पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो. यांची चौकट करायची आहे.
- सहा इंची पट्टी, जुनी सुरी, भिंग.
- पेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही. पेनाची शाई खाडीच्या हवेत पसरते.
- घोट्याला घट्ट बांधता येतील असे जुने कॅनव्हासचे बूट. गमबूट चिखलात रुततो आणि पाय वर येतो, बूट तिथेच राहतो. अनवाणी तर जाऊच नका, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.
- धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं असू द्या. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर खाडीत उतरूच नका, लेप्टोचा धोका असतो.
- ओळखपत्र, आणि अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी.

घरातला टीडीएस मीटर बरेच जण उत्साहाने घेऊन येतात. तो पिण्याच्या पाण्यासाठी असतो. साधे मीटर 9,990 पीपीएमच्या पुढे जात नाहीत आणि समुद्राच्या पाण्यात दर लिटरला 35 ग्रॅमच्या, म्हणजे 35,000 पीपीएमच्या आसपास क्षार असतात. खारटपणा मोजायचाच असेल तर मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. नसला तरी काही अडत नाही.

1. एकच जागा धरा

नवखे लोक एका रविवारी शिवडी, पुढच्या रविवारी ऐरोली, मग उरण असं फिरतात. पक्षी बघायला ते छान आहे, पण खाडीची तब्येत कळायची तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. घरापासून तासाभरात पोहोचता येईल, तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची कड आणि उघडा चिखल दोन्ही असतील, आणि चिखलात न उतरताही बरंच दिसेल अशी जागा निवडा. बांध किंवा जेट्टी उत्तम.

जागा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. 2022 पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आहे. या हद्दीत चिखल उकरणं, खेकडे-शंख उचलणं वन्यजीव कायद्याखाली अंगाशी येतं. हद्दीबाहेरही किनाऱ्यालगतची बरीच जमीन बंदराची, मिठागरांची किंवा खाजगी असते. ड्रोन तर घरीच ठेवा. पक्षीही बिथरतात आणि पोलीसही.

अगदीच पहिली वेळ असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीने एक फेरी मारा. कोणता पक्षी कुठे बसतो याचा अंदाज तासाभरात येतो.

2. भरती-ओहोटीची वेळ काढा

कोकणात किल्ले बघायला जाणाऱ्यांना ठाऊक असलेलं जुनं गणित इथेही चालतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हे मुंबईलगतच्या समुद्राचं झालं. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. नेमकी वेळ छापील कोष्टकात किंवा मोबाइलवर बघून घ्याच, पण महिन्याचं नियोजन करायला हा हिशेब पुरतो.

आता याचा उपयोग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याची हालचाल कमी. चिखल बघायचा तर उधाणाची ओहोटी हवी आणि तीही दिवसाउजेडी. द्वितीया ते चतुर्थी या तिथींना ती साधारण सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. तिथी वद्य असो की शुद्ध, फरक पडत नाही. मी महिन्याचे दिवस ठरवताना कालनिर्णय उघडतो ते याचसाठी.

पक्ष्यांचं उलट. ओहोटीला ते मैलभर चिखलात विखुरलेले असतात, मोजता येत नाहीत. भरती चढू लागली की सगळे उरल्यासुरल्या कोरड्या जागेवर, बांधावर, मिठागरात, तलावात दाटीने येऊन बसतात. गणना तेव्हा करायची. एकाच दिवसात दोन्ही उरकायचं असेल तर ओहोटीला चिखल, मग नाश्ता, मग चढत्या भरतीला पक्षी.

चिखलात जायचं ते पाणी उतरत असताना आणि परत फिरायचं ते पाणी वळायच्या आधी. एकट्याने कधीच नाही. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. मागे बसते व्हा, भार पसरा आणि टाच हलवत हलवत पाय सोडवा.

3. आधी चिखल वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात.

तिवरांच्या कडेपासून पाण्याच्या दिशेने सरळ चालत जा. दर दहा पावलांवर चौकट खाली ठेवा आणि आतलं सगळं लिहा: खेकड्यांची उघडी बिळं किती, शंख किती, प्लास्टिकचे तुकडे किती. खेकडे मोजू नका, बिळं मोजा. माणसाची सावली पडली की खेकडे गडप होतात, बिळं जागची हलत नाहीत. बिळाच्या तोंडाशी मोहरीएवढ्या चिखलाच्या गोळ्या ताज्या पडलेल्या दिसल्या तर आत घरमालक आहे असं समजा. फिडलर खेकडा चिखल तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून बाहेर टाकतो. नराचा एक चिमटा अंगाएवढा मोठा, तो हलवत तो मादीला बोलावत असतो. मादीचे दोन्ही लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी खाते आणि तो एकाच.

हे खेकडे महत्त्वाचे का? त्यांची बिळं चिखलात हवा नेतात. परवानगी असेल तिथे सुरीने चिखलाची एक उभी वडी कापा आणि कड बघा. वर तपकिरी थर, खाली काळा. तपकिरी थरात प्राणवायू पोचलेला असतो, काळ्यात नसतो. खेकड्यांनी भरपूर भोकं पाडलेल्या चिखलात तपकिरी रंग बिळांच्या भिंतींनी खोलवर उतरलेला दिसतो. गटाराच्या तोंडाशी हाच थर कागदाएवढा पातळ होतो किंवा वरपासूनच काळं लागतं. पट्टीने जाडी मोजा, लिहा, वडी परत जागच्या जागी दाबा.

इथे एक इशारा. सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे प्रदूषण, असं लगेच लिहू नका. कांदळवनातल्या निरोगी चिखलालाही तो वास असतो. काळा थर खालीच असायला हवा, तो वर येतोय का हे बघायचं.

मग निवट्या. बांधावर दहा मिनिटं न हलता बसा, मोबाइलसुद्धा काढू नका. आधी डोळे वर येतात, बेडकासारखे, मग अख्खा मासा पुढच्या परांवर सरकत बिळाबाहेर. निळसर ठिपक्यांची मोठी निवटी डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ साका खरवडते आणि मागे नागमोडी ओरखडे ठेवत जाते. उतरत्या उन्हात तिरकं बघितलं तर सगळा चिखल या ओरखड्यांनी कोरलेला दिसतो. निवटी ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि पृष्ठभागावरच चरते. त्यामुळे तेलाचा तवंग चिखलावर बसला की तिच्या श्वासावर आणि घासावर एकदमच संकट येतं. ओरखडे नाहीसे झाले तर त्याची तारीख नक्की लिहून ठेवा.

शंखांच्या बाबतीत दोन गोष्टी. लांबट, शंकूच्या आकाराच्या गोगलगायी खूप दिसल्या म्हणून हुरळू नका. त्यातल्या काही जाती सेंद्रिय गाळ खाऊन सांडपाण्याजवळही मजेत राहतात. आणि शंख चालताना दिसला तर आत खरंच गोगलगाय आहे का ते बघा, पुष्कळदा संन्यासी खेकड्याने रिकामं घर बळकावलेलं असतं. समुद्री गोगलगायींनी जगाला शिकवलेला धडा मात्र मोठा आहे. जहाजांच्या बुडाला लावायच्या रंगात टीबीटी नावाचं रसायन असे. त्याने माद्यांना नराचे अवयव फुटतात हे काही शंखांत दिसलं, आणि पुढे त्या रंगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये लागू झाला. पाण्यात त्याचं प्रमाण इतकं नगण्य होतं की नुसत्या डोळ्यांना कधीच कळलं नसतं.

चौकटीत सुतासारख्या बारीक लाल अळ्या वळवळताना दिसल्या आणि दुसरं काहीच नसलं, तर ते वाईट लक्षण. कॅपिटेला नावाची अशी एक समुद्री अळी जगभर घाण साचल्याची खूण मानली जाते. जात ओळखायच्या फंदात पडू नका, ते काम सूक्ष्मदर्शकाचं. "बारीक लाल अळ्या पुष्कळ, बाकी काही नाही" एवढी नोंद पुरे.

4. पक्षी चोचीवरून वाटून घ्या

सुरुवातीला नावांचा बाऊ करू नका. हिवाळ्यात चिखलावर तपकिरी-करड्या रंगाचे इतके सारखे पक्षी असतात की जुनेजाणतेही वाद घालतात. नाव नाही आलं तरी चोच दिसते, आणि चोचीवरून तो काय खातो ते कळतं.

आखूड चोचीचे प्लोव्हर डोळ्यांनी बघून वरचेवर टिपतात. स्टिंट, सँडपायपर थोडं आत टोचतात. रेडशँकची चोच मध्यम. गॉडविटची लांब आणि सरळ, ती खोलातले किडे काढते. कर्ल्यूची तर बाकदार आणि वीतभर, बिळातला खेकडा ओढून काढायला. चिखलाचा प्रत्येक मजला कुणीतरी वाटून घेतलेला असतो. पंगतीत सगळी पानं भरलेली असली की चिखलात वरपासून खालपर्यंत अन्न आहे. लांब चोचीवाले यायचे बंद झाले आणि वर टिपणारेच उरले, तर खालच्या मजल्यावर काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता धरा. मोठा रोहित असेल तर वेगळा मोजा. तो छोट्यापेक्षा उंच, फिका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. छोट्याची अख्खी चोच गडद. मोठा रोहित चिखलातले छोटे प्राणी खातो, त्यामुळे त्याचं असणं-नसणं निराळी गोष्ट सांगतं.

मासे खाणाऱ्यांचा वेगळा रकाना करा: खंड्या, पाणकावळे, सुरय, राखी बगळे, हिवाळ्यात येणारा ऑस्प्रे. अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्याने विष यांच्यात साठत जातं. अमेरिकेत डीडीटीमुळे ऑस्प्रेच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटू लागली होती. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि नंतर हा पक्षी सावरला.

तिसरा रकाना उकिरड्यावर पोसणाऱ्यांचा. कावळे, घारी, गायबगळे वर्षागणिक वाढत असतील तर खाडीपेक्षा जवळच्या कचऱ्याची तब्येत उत्तम आहे असं समजा. शेकाट्या हा उंच लाल पायांचा देखणा पक्षी सांडपाण्याच्या डबक्यातही निवांत चरतो, त्यामुळे त्याच्या संख्येवरून काहीच ठरवू नका. आणि कुरवांना तर आपणच गाठ्या आणि शेव घालून बिघडवलंय. जेट्टीवर जमलेले हजारभर कुरव खाडीबद्दल काही सांगत नाहीत, फरसाणवाल्याच्या धंद्याबद्दल सांगतात.

5. तिवरांकडे बघताना

ठाणे खाडीत तिवर सर्वांत जास्त, कारण ते खारटपणा आणि घाण दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. म्हणून गर्द हिरवी तिवरं दिसली की सगळं आलबेल असं नाही. कांदळ, चिपी, मारांडी यांपैकी किती जाती तुमच्या पट्ट्यात आहेत ते लिहा आणि जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं बघा. ती गाळात, तेलात किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत गाडली गेली असतील तर वरची हिरवाई फार दिवसांची नाही. मोठ्या झाडांखाली कोवळी रोपं आहेत का हेही बघा.

पावसाळा सरता सरता तिवरांचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडतात आणि विषारी पाणी सोडल्याच्या बातम्या फिरू लागतात. जवळ जाऊन पान उलटून बघा. पुष्कळदा तिथे सागाची पानं खाणाऱ्याच पतंगाच्या अळ्या सापडतात. पानांची नुसती जाळी उरते, आणि काही आठवड्यांत झाड पुन्हा फुटतं. अळी नसेल आणि दोन महिन्यांनीही पालवी आली नाही, तर मात्र पाणी अडलंय का ते शोधा.

6. कोळीवाड्यात जा

तुमची वही या वर्षी सुरू झाली. तिथल्या काकांची पन्नास वर्षांपूर्वी. पण वही-पेन्सिल काढून मुलाखत घ्यायला बसू नका, मासळी घ्या आणि बोला. बाजाराच्या गर्दीत नको, टोपली रिकामी होत आली की मावशी निवांत असतात.

"प्रदूषण वाढलंय का?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर नेहमी हो येतं. त्यापेक्षा असं विचारा: पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकल्यावर पूर्वी काय यायचं आणि आता काय येतं? जिताडा शेवटचा कधी लागला? चिंबोरी भरलेली मिळते की पोकळ? निवट्या कुठपर्यंत मिळतात, आणि कुठल्या मिळाल्या तरी खात नाही? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. मासळीला रॉकेलचा वास येतो म्हणून अमुक नाल्यापलीकडची धरत नाही, अशी हद्द लोक बोट दाखवून सांगतात. ती हद्द नकाशावर काढा आणि तुमच्या चौकटींच्या नोंदींशी ताडून बघा.

जाळ्यात टिलापियाच टिलापिया येत असेल तर तेही लिहा. हा बाहेरून आणलेला मासा कमी प्राणवायूत आणि घाणीत तग धरतो.

7. केसाळ मंडळी

ठाणे खाडीच्या तिवरांत कोल्हे आहेत, पण कोल्हा काहीही खातो, त्यामुळे त्याच्यावरून फार अनुमान काढू नये. तुम्ही गोव्याचे असाल तर पाणमांजराकडे लक्ष द्या. ते मुख्यतः माशा-खेकड्यांवर जगतं. प्रत्यक्ष दिसलं नाही तरी बांधावर माशाचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा सापडते. त्या बांधाजवळ खायला भरपूर आहे असं बेलाशक लिहा.

8. नोंद आणि अनुमान

दर नोंदीवर तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला आणि बरोबर कोण होतं ते लिहा. जानेवारीची तुलना जानेवारीशीच. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि सगळं चित्रच पालटतं. पहिल्या पावसात गटारं धुऊन निघतात तेव्हा मासे मरून तरंगलेले दिसतात. त्याची स्वतंत्र नोंद करा, वार्षिक तुलनेत मिसळू नका.

एका वर्षाच्या आकड्यांवरून काही बोलू नका. पक्षी कमी आले याचं कारण कच्छच्या रणातलं पाणीही असू शकतं, कारण फ्लेमिंगोंची वीण तिकडे होते. पक्षी शेजारच्या तलावात सरकलेलेही असू शकतात. पण चिखल, निवट्या, बिळं आणि लांब चोचीवाले अशा तीन-चार खुणा एकाच वेळी एकाच दिशेला जात असतील, तर ते मनावर घ्या.

पाणी अडल्याचे परिणाम मात्र फार लवकर दिसतात. नेरुळचा डीपीएस तलाव ही फ्लेमिंगोंची भरतीच्या वेळची बसायची जागा. 2024 मध्ये तिथे भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याचा प्रश्न गाजला. अशा जागी क्रम साधारण ठरलेला असतो: पाणी आटतं, शेवाळाची साय धरते, डासांच्या अळ्या वाढतात, पक्षी उठतात. तुमच्या जागेवर हा क्रम सुरू झालेला दिसला तर आधी बांधाखालचा पाइप किंवा उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, तपासा. कितीदा तरी अख्ख्या पाणथळीचा जीव एका तुंबलेल्या पाइपात अडकलेला असतो.

9. नोंदींचं पुढे काय करायचं

पक्ष्यांच्या याद्या ई-बर्डवर टाका. खेकडे, शंख, निवट्यांचे फोटो आय-नॅचरलिस्टवर, तिथे जाणकार ओळख पटवून देतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून ती चालू आहे आणि नवख्यांना जुन्या मंडळींबरोबर उभं राहून शिकायची यापेक्षा चांगली संधी नाही.

भराव, तिवरांची तोड किंवा अडवलेलं पाणी दिसलं तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. पाणथळी आणि कांदळवनांच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्याही नेमलेल्या आहेत. तक्रारीत "पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे" असली वाक्यं नकोत. अक्षांश-रेखांश, तारीख, त्याच कोनातून आधी आणि नंतर काढलेले फोटो आणि चौकटींचा तक्ता जोडा. त्या जागी भरावाची चालू गाडी उभी असेल तर वाद घालायला जाऊ नका. लांबून नंबर टिपा, निघा, आणि तक्रार दोन-तीन जणांच्या सह्यांनी द्या. पोच घ्यायला विसरू नका.